वजन जातं कुठे

४ नोव्हेंबर

गणिताच्या बाईंना लिफ्टवाल्याचा नमस्कार.

'फोनवर तू मला गुंडाळतोस, काय सांगायचंय ते लिहून सांग,' असं म्हणालीस आणि फोन ठेवलास. म्हणून लिहितोय. शाळा सुटल्यापासून एवढं सलग काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका दिसल्या तर लाल शाई काढू नकोस.

आधी मुद्द्याचं. तुम्ही दोघी परत या. भिंगरीची शाळा सुरू व्हायच्या आत या. दादाकडे तुम्हाला काही कमी नाही हे मला ठाऊक आहे. स्वतःच्या हातांनी बांधलेल्या घरात बहीण आणि भाची राहायला आल्यावर तो हवेतच असणार, आणि जेवताना रोज एकदा भिंतीवर थाप मारून 'भूकंप आला तरी हलणार नाही' म्हणत असणार. पण पोरीने मामाकडे सुट्टीत जावं. बाप नकोसा झाला म्हणून जाऊ नये.

तू का गेलीस ते मी विसरलेलो नाही. भिंगरीला जिना चढवेना, तू तिला कडेवर घेऊन एकटी डॉक्टरकडे गेलीस, आणि मी येतो म्हणून सांगून आलो नाही. डॉक्टरांना काही सापडलं नाही हे ऐकल्यावर 'बघ, उगाच घाबरलीस' असं वर म्हणालो. ते बोलायला नको होतं. पण त्या दुपारी मी कुठे होतो ते तू टीव्हीवर पाहिलंच असशील. वसाहतीवरचा डोंगर सरकत होता. मी पोचून तो पेलला नसता तर खालची घरं आज दिसली नसती. वर्तमानपत्रांनी पुन्हा 'आधारस्तंभ' असा मथळा दिला. तू हमाल म्हणतेस ते मला जास्त आवडतं.

मी ज्या बचाव पथकात शिरलो त्याबद्दल तुझ्या मनात अढी आहे. मी एकटा होतो तोवर तुझी तक्रार नव्हती. अडकलेली लिफ्ट, उलटलेला ट्रक, फार तर एखादं छप्पर, आणि मग जेवायच्या वेळेला घरी. आता पूल काय, धरणाचे दरवाजे काय, श्वास घ्यायला फुरसत नाही. पण माणसं चांगली आहेत गं. पथक चालवणाऱ्या मॅडम पूर्वी वाहतूक पोलिसात होत्या. काय कोसळणार आहे ते त्यांना आधी कळतं, आणि अजूनही बोलता बोलता तळहात पुढे करून समोरच्याला थांबवतात. ठिणगी वेल्डर आहे. पेटलेल्या इमारतीत शिरते, सगळी धग अंगात ओढून घेते आणि बाहेर येते तेव्हा कपाळावर घामाचा थेंब नसतो. फारसं बोलत नाही. तिघांत मी नवखा.

तिथला एक नियम विचित्र आहे. कामावरून आल्यावर सगळ्यांनी पथकाच्या गोदामातच राहायचं, तिथेच झोपायचं. जाड दगडी फरशी, लोखंडी खाटा, खिडक्या नाहीत. मी पहिल्याच दिवशी सांगितलं की मी संसारी माणूस आहे, काम संपलं की मी घरी जाणार, बायकोच्या हातचं जेवणार, पोरीशी दंगा करणार. मॅडमनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि 'ठीक आहे' म्हणाल्या. तुमच्यासाठी मी एवढा भांडलो, याची दखल कुठेतरी घे.

घर ठीक आहे. पुस्तकांचं कपाट मोडलं, वाळवी लागली असणार. खालचे वकील त्यांच्या छताबद्दल काहीतरी कुरकुरत होते. मी फार लक्ष दिलं नाही. तुम्ही या.

तुझा हमाल

१३ नोव्हेंबर

तुझं पत्र मिळालं. भिंगरी मामाच्या अंगणात दिवसभर हुंदडते, एक एक पायरी गाळून जिना चढते, तिला दटावून खाली बसवावं लागतं, हे मी उभ्या उभ्याच वाचलं. 'हवापालटाने एवढा फरक पडतो का?' असं तू विचारलंयस. हवापालटाने पडलेला नाही. का पडला ते मला आता कळलंय, आणि म्हणून गेल्या पत्रातलं माझं म्हणणं मागे घेतो. येऊ नका.

लगेच नाक फुगवू नकोस. दुसरी कोणी नाही. असती तर ती या घरात टिकली नसती, कारण इथे आता पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलावा लागतो.

कपाटाला वाळवी नव्हती. मी तुला थाप मारली. भिंगरीच्या पलंगाचे पाय फरशीत रुतलेत. दारं बिजागऱ्यांतून लोंबतायत. खुंटीवर टांगलेला तुझा साधा रुमाल खुंटी घेऊन खाली पडला. वकिलांचं छत पोट सुटल्यासारखं खाली आलं आणि त्यांनी बिऱ्हाड हलवलं. जाताना मला म्हणाले, "तुम्ही वर साठवून काय ठेवलंय हो?" मी हसलो. वर आलो, दार ढकललं, ते ढकलवेना.

मग काल एका जुन्या हॉटेलची लिफ्ट दुरुस्त करत होतो. खड्ड्यात तळाशी बसलो होतो आणि मदतनिसाला लिफ्ट वर घ्यायला सांगितली. लिफ्ट वर गेली आणि मागच्या बाजूने लोखंडी वजनं खाली आली, माझ्या कानाशेजारून. ती तशी येतातच. एक वर जातं ते दुसरं खाली येतं म्हणून. हे मी माझ्या उमेदीच्या वयापासून रोज बघतोय. आणि मी स्वतः उचललेलं वजन जातं कुठे, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

तुला माहीत आहे, मी एकदा भार घेतला की हात काढला तरी तो माझ्याकडेच राहतो. मनातून खाली ठेवेपर्यंत. मला वाटायचं तो मधल्या मध्ये विरून जातो. विरत नाही. मी तो घरी आणून टाकत होतो. पूल, दरवाजे, तो डोंगर. रोज संध्याकाळी, मोठ्या हौसेने, पोरीला कधी एकदा बघतो म्हणून धावत येत होतो आणि तिच्याच अंगावर टाकत होतो. तिला जिना का चढवत नव्हता ते आता तुला सांगायला नको.

मी तडक मॅडमकडे गेलो. "तुम्हाला हे माहीत होतं?" म्हटलं.

"होतं."

"मग मला घरी का जाऊ दिलंत?"

"सांगितलं असतं तर तू आला असतास का पथकात?" त्यांनी तळहात पुढे केला, मी तोंड उघडायच्या आधीच. "हे बघ, ज्याला घर असतं त्याला जास्त उचलता येतं. ठेवायला जागा असते ना. ती वसाहत वाचवायला मला असा माणूस हवा होता. मिळाला. राग आला असेल तर ये, बोलून घे."

मी उठून निघालो. ठिणगी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून आपले हातमोजे झटकत होती, झटकतच राहिली.

आज बिछाना उचलून गोदामात जातोय. घराकडे फिरकायचं नाही असं ठरवलंय. तुम्ही दादाकडे थांबा.

२१ नोव्हेंबर

बाईसाहेब, घर हलकं झालं.

आज दुपारी भीत भीत जाऊन आलो. दार बोटाने उघडलं. पेला उचलला, ताट उचललं, खुर्ची एका हाताने डोक्यावर धरून उभा राहिलो. समोरच्या गॅलरीतली बाई बघत होती, तिला वाटलं असेल बायको माहेरी गेल्यावर याचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. मी भिंगरीच्या पलंगावर बसून रडलो, हेही सांगून टाकतो.

तेव्हा आता असं करू. तुम्ही या आणि घरात राहा. मी गोदामात राहीन. सुट्टीच्या दिवशी बागेत भेटू, लग्नाआधीच्या थाटात. पोरीला सांगू बाबांची पाळी लांबली. तिला पटणार नाही, पण मामा पटवेल, त्याला गप्पा छान मारता येतात. फरशी दुरुस्त करायला गवंडी बघतोय.

एवढंच खटकतं की गोदामात माझ्या खाटेखाली काहीच झालेलं नाही. चमचासुद्धा जड झाला नाही. फरशी जाड आहे, ती दाद देत नसेल. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "वाट बघ." त्यांचा सूर मला आवडला नाही, पण त्यांचा कुठलाच सूर मला हल्ली आवडत नाही.

इथे करमत नाही. दिवसा काम नसलं की मी खाटेवर पडून डोळे मिटतो आणि सरळ दादाच्या वरच्या खोलीत पोचतो. तू खिडकीपाशी वह्या तपासतेयस, भिंगरी तुझ्या ओढणीचा झोका करायच्या खटपटीत आहे. मी दारात उभा असतो. कोणी आत ये म्हणत नाही, तरी मला बरं वाटतं. दिवसातून किती वेळा तिथे जातो ते विचारू नकोस.

कधी येताय ते कळव.

२८ नोव्हेंबर

तुझं पत्र माझ्यासमोर आहे. तू लिहिलंयस: 'दादाच्या वरच्या खोलीच्या भिंतीला तडा गेलाय. तो वेड्यासारखा दिवसभर तिथे ओळंबा लावून बसतो आणि कुणाशी बोलत नाही. भिंगरी परत जिन्यात बसायला लागली. काल मला म्हणाली, आई, माझे पाय कोणीतरी धरून ठेवलेत. तू इथे आला होतास का? खरं सांग.'

आलो होतो. गेल्या पत्रात लिहिलं होतं ना, रोज येतो म्हणून.

ठिणगीने तुझं पत्र माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि पहिल्यांदा माझ्याशी चार वाक्यं बोलली. "घर म्हणजे पत्ता नव्हे रे. तुझा जीव जिथे घोटाळतो ते घर. मी आग विझवून यायचे आणि आमच्याकडे सगळ्यांना ताप भरायचा. नवऱ्याला, सासूला. मी त्यांच्या उशाशी बसायचे, कपाळावर पट्ट्या ठेवायचे, आणि जितकी माया करावी तितका ताप वाढायचा. मग गोदीला आग लागली, मोठी." पुढचं तिने सांगितलं नाही. पत्र परत देत म्हणाली, "तुझी अजून वेळ गेलेली नाही."

पुलाला टेकू लागले, तो मी कधीच खाली ठेवला. धरणाचे दरवाजे बदलले, तेही ठेवले. आता उरलाय एकटा डोंगर. म्हटलं, तो ठेवून देऊ. लोकांना आधी बाहेर काढा, असं सांगायला मी डोंगरावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसात गेलो. तिथला साहेब म्हणाला, "अहो, आता तो इंचभर हलत नाही. आमचा अहवालच आहे तसा. म्हणून तर माणसं परत आली राहायला." हलत नाही, कारण तो माझ्याकडे आहे. हे मी त्याला कसं समजावणार? समजावलं. त्याने मला पाणी दिलं आणि कोणाला तरी फोन लावायला लागला.

मग वसाहतीत गेलो. भर दुपार होती. एक म्हातारा दाराला रंग लावत होता. बायका कपडे वाळत घालत होत्या. मी गल्लीच्या टोकाला उभा राहिलो, डोळे मिटले आणि डोंगर थोडा खाली ठेवला. अगदी थोडा. वरून पहिल्यांदा माती आली, मग आत खोल कुठेतरी घरघर झाली. म्हाताऱ्याचा ब्रश थांबला. त्याने वर बघितलं. मी डोंगर परत घेतला.

दादाला विचार. मंगळवारी दुपारी भिंगरी अचानक उठून अंगणात धावली असेल, मिनिटभर. आणि मग पुन्हा खाली बसली असेल.

हे पत्र लिहितानाही मी तिथेच आहे. तुझ्या खोलीत काही कुरकुरत असेल तर ते माझ्यामुळे. म्हणून आखूड करतो.

५ डिसेंबर

तू दोनच शब्द लिहिलेस. 'डोंगर सोड.'

मला वाटलं होतं तू गणित मांडशील, इकडे किती माणसं आणि तिकडे किती. तू मांडलं नाहीस. आईने असली गणितं मांडायची नसतात. बापानेही नाही. तरी मी परत एकदा गेलो, गल्लीत उभा राहिलो, आणि माझ्याने झालं नाही. त्या म्हाताऱ्याचं दार रंगवून झालंय. हिरवं आहे.

मला शिव्या दे. मनापासून दे आणि पोरीसमोर दिल्यास तरी चालेल. पण त्याआधी एक कर. तिथून निघा. कुठे जाताय ते दादालासुद्धा सांगू नकोस, कारण त्याला माहीत असलं तर मी कधीतरी त्याच्या पाया पडून पत्ता काढून घेईन. शाळा बदल, गाव बदल. खोली कशी आहे, खिडकी कुठल्या बाजूला आहे, मला कळू देऊ नकोस. मला चित्र उभं करता आलं नाही तर मी तिथे पोचणार नाही. निदान ठिणगीचं म्हणणं तसं आहे.

'एकदा येऊन पोरीला भेटून जा' असं तू मागे म्हणाली होतीस. येणार नाही. आलो तर मी तिला उचलून घेईन, आणि एकदा उचललं की मला ती खाली ठेवता येणार नाही. मग तिला कोणताच गाव पुरायचा नाही.

तुझ्यावर माझा फार जीव आहे. हे मी फोनवर कधी बोललो नाही, तेव्हा गुंडाळलं असं म्हणू नकोस. आता तोच जीव काढून घ्यायला शिकायचंय. मॅडम म्हणतात, जमतं. सगळ्यांना जमलंय. त्या हे जितक्या सहज म्हणतात त्याची मला भीती वाटते.

उत्तर पाठवू नकोस.

१९ जानेवारी

या पाकिटावर पत्ता नाही. कुठला घालायचा ते मला माहीत नाही आणि तेच हवं होतं.

दादाचं कार्ड आलं होतं. त्याने लिहिलं होतं, 'त्या गेल्या. त्यानंतर आठवड्याने वरची खोली खाली आली. आत कोणी नव्हतं. मी बांधलेलं घर असं पडतं कसं, तेवढं मला सांग.' मी सांगितलं नाही. तुम्ही तिथे नाही हे मला माहीत असूनही मी तिथेच जात होतो, तर काय सांगणार? त्या कार्डानंतर मी तिथे जाणंही थांबवलं. कोसळलेली खोली डोळ्यांसमोर आणायला जमलं नाही.

मधले दिवस फार वाईट गेले. भार कुठे पडतोय ते कळत नव्हतं. रोज सकाळी मी वर्तमानपत्रात पडलेली घरं शोधायचो, आणि प्रत्येक बातमीत एक बाई आणि एक मुलगी आहे का ते बघायचो. मॅडम शिकवत होत्या. डोळे मिटायचे ते गोदाम आठवण्यासाठी. जेवण झालं की 'घरी आलो' असं मोठ्याने म्हणायचं. ठिणगी माझ्याबरोबर म्हणायची, मला लाज वाटू नये म्हणून.

आज सकाळी उठलो तर खाट तिरकी होती. दोन पाय फरशीत गेले होते आणि भेग भिंतीपर्यंत पोचली होती. मी पेला उचलायला गेलो, तो उचलेना. ठिणगीने मला मिठी मारली. मॅडमनी पाठ थोपटली, "आलास एकदाचा," म्हणाल्या. दोघी माझ्यासाठी खूश होत्या, खरोखर खूश होत्या.

त्या दोघी बाहेर गेल्यावर मी खात्री करून घेतली. दार लावलं, खाटेवर बसलो आणि मुद्दाम तुम्हाला आठवलं. भिंगरीची फिरकी, तिचं पडलेल्या दाताची फट दाखवत हसणं, तुझा खडूने माखलेला हात. सगळं आठवलं, नीट, एकेक करून. आधी असं केलं की छातीत काहीतरी तुटून तिकडे धावायचं. आज काही धावलं नाही. खाट तेवढी आणखी बोटभर खाली गेली.

तेव्हा आता भिऊ नका. मी तुमची कितीही आठवण काढली तरी तुम्हाला काही होणार नाही.